अमेरिकन गाड्या आणि त्यांच्या जाहिरातींतला अभिमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्यांच्या जाहिराती जमवायचा मला नाद आहे, हे एव्हाना बऱ्याच जणांना कळलंय. त्यामुळे आठवड्याला एखादा तरी निरोप येतोच, "ही गाडी खरंच अमेरिकन का हो?" तेच तेच लिहून कंटाळा आला, म्हणून सगळं एका जागी मांडून ठेवतोय. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त शिव्या गाळल्यात.

१. अमेरिकन गाडी म्हणजे नेमकी कुठली? कंपनी अमेरिकन हवी की कारखाना?

या एका प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न आहेत. बिल्ला कुणाचा, मालक कोण, गाडी जुळवली कुठे आणि आतले भाग आले कुठून. १९५५ च्या सुमारास चारही उत्तरं बहुतेक वेळा मिशिगन आणि आसपासच्या राज्यांतच सापडायची. आज एकाच गाडीची चार उत्तरं चार देशांत निघू शकतात. जाहिरातवाला त्यातलं सोयीचं उत्तर उचलतो आणि उरलेल्या तिन्हींबद्दल गप्प बसतो. तो खोटं बोलतोच असं नाही. तेव्हा आधी स्वतःशी ठरवा की तुम्हाला यातलं काय मोजायचंय. पुढची सगळी उत्तरं त्यावर फिरतात.

२. सारखं डेट्रॉइट, डेट्रॉइट! त्या गावाचं एवढं काय कौतुक?

मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेलं हायलंड पार्क नावाचं छोटं वेगळं गाव आहे. तिथल्या फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली मोटारींची सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. मॉडेल टी या गाडीची चॅसी, म्हणजे सांगाडा, जुळवायला आधी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आलं. पण दिवसभर तोच एक बोल्ट पिळायचा म्हटल्यावर माणसं टिकेनात. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने रोजचे पाच डॉलर जाहीर केले, म्हणजे तेव्हाच्या मजुरीच्या जवळजवळ दुप्पट. त्यात एक मेख होती. पूर्ण पाच डॉलर हवे असतील तर कंपनीचे निरीक्षक घरी येऊन तुम्ही दारू पिता का, घर नीटनेटकं ठेवता का, हे पाहून जायचे.

पुढे शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये फोर्डचा रूज कारखाना उभा राहिला. एका बाजूने बोटीतून लोहखनिज आणि कोळसा आत, दुसऱ्या बाजूने तयार गाडी बाहेर. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर हाच कारखाना रंगवला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सरकारने खासगी मोटारींचं उत्पादन थांबवलं आणि सगळं गाव युद्धसामग्रीला जुंपलं गेलं. जवळच्या विलो रन कारखान्यातून १९४४ मध्ये ऐन भरात तासाला एक बी-२४ बॉम्बर विमान निघत होतं. जाहिराती आजही उसनवारी करतात ती याच तीस वर्षांच्या पुण्याईवर.

३. "इम्पोर्टेड फ्रॉम डेट्रॉइट" ही जाहिरात एवढी का गाजली?

फेब्रुवारी २०११, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. एरवी तिथे तीस सेकंदांच्या विनोदी जाहिराती असतात. क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीने सलग दोन मिनिटं घेतली. सुरुवातीला हायवेवरची पाटी, धुराडी, ओस पडलेल्या इमारती. मग मुष्टियोद्धा जो लुईच्या स्मारकाची ती आडवी टांगलेली प्रचंड मूठ, मग रिव्हेराची भित्तिचित्रं. मागून एक खरबरीत आवाज विचारतो की ज्या गावाने नरक पाहिलाय त्याला ऐषारामातलं काय कळणार? आणि उत्तरही तोच देतो, पोलाद कडक होतं ते सगळ्यात तापलेल्या भट्टीतच. शेवटी रॅपर एमिनेम गाडीतून उतरतो, फॉक्स थिएटरमध्ये शिरतो. रंगमंचावर चर्चमधला गायकवृंद उभा असतो. एमिनेम कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, ही मोटर सिटी आहे आणि आम्ही हेच करतो.

नीट बघा, दोन मिनिटांत मायलेज नाही, किंमत नाही, डिकी किती मोठी तेही नाही. क्रायस्लर २०० ही गाडी खरं तर बेतास बात होती. आधीच्या सेब्रिंग या मॉडेललाच रंगसफेदी केलेली. पण दोन वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोघांचंही दिवाळं निघालं होतं आणि सरकारी पैशावर त्या तगल्या होत्या. गाव अजून जिवंत आहे एवढंच ती जाहिरात सांगत होती, आणि तेवढं ऐकायला लोक आसुसलेले होते. माझ्या संग्रहातली ही सगळ्यात लाडकी जाहिरात. गाडी मात्र मी घेतली नसती.

४. पण तेव्हा क्रायस्लर इटालियन फियाटच्या हातात होती ना? मग ही शुद्ध फसवणूक नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं की चोर पकडला. कारभार फियाटचा होता, हे बरोबर. पण फेब्रुवारी २०११ मध्ये फियाटकडे फक्त पाव हिस्सा होता. सगळ्यात मोठा वाटा होता तो निवृत्त कामगारांच्या वैद्यकीय खर्चासाठी काढलेल्या निधीकडे. म्हणजे मालकी खरोखरच बऱ्याच अंशी डेट्रॉइटच्या म्हाताऱ्या कामगारांची. गाडीही तिथूनच जवळ, मिशिगनच्या स्टर्लिंग हाइट्समध्ये बनत होती. प्रश्न १ मधल्या चारांपैकी तीन उत्तरं जाहिरातीच्या बाजूची निघतात.

मला जास्त खटकते ती क्रायस्लरची २०१४ ची जाहिरात. बिअर जर्मनीने गाळावी, घड्याळ स्वित्झर्लंडने करावं, फोन आशियाने जुळवावा, तुमची गाडी मात्र आम्ही बनवू, असं त्यात गायक बॉब डिलन सांगतो. जेमतेम महिनाभर आधी, जानेवारी २०१४ मध्ये, फियाटने क्रायस्लर शंभर टक्के विकत घेतली होती. इटलीचं नाव त्या यादीत कसं नाही, याचं मला तेव्हाही हसू आलं होतं.

आपणही फार वेगळे नाही म्हणा. १९८९ मध्ये "हमारा बजाज" ऐकून ऊर भरून यायचा. त्या स्कूटरचं मूळ इटालियन व्हेस्पात होतं, पण ती आकुर्डीत बनत होती आणि आपल्याला तेवढं पुरे होतं.

५. गाडीच्या जाहिरातीत देशप्रेम आणायची ही पद्धत कधीपासूनची?

जुनीच आहे, पण सूर बदलत गेलाय. पन्नाशीच्या दशकात जनरल मोटर्सची शेव्हरले सांगायची की आमच्या गाडीतून देश बघा. तेव्हा परदेशी स्पर्धा फारशी नव्हती, त्यामुळे छाती बडवायची गरज नव्हती. १९७३ नंतर तेल महागलं, छोट्या जपानी गाड्या आल्या आणि अभिमान ओरडून सांगायची वेळ आली. सत्तरीच्या मध्यावर बेसबॉल, हॉटडॉग, ॲपल पाय आणि शेव्हरले अशी जिंगल आली. अस्सल अमेरिकन वाटते ना? जनरल मोटर्सने तोच साचा ऑस्ट्रेलियात फुटबॉल, मीट पाय, कांगारू आणि होल्डन (तिथला त्यांचाच ब्रँड) असा वापरला आणि दक्षिण आफ्रिकेत रग्बी आणि निरभ्र आकाश घालून पुन्हा शेव्हरलेसाठीच वापरला. देशप्रेमाचाही साचा असतो, त्यात माल तेवढा बदलायचा.

ऐंशीच्या दशकात क्रायस्लरचे प्रमुख ली आयाकोका स्वतः पडद्यावर यायचे. याहून चांगली गाडी मिळाली तर खुशाल घ्या, असं आव्हान द्यायचे. सरकारी हमीवर घेतलेलं कर्ज त्यांनी १९८३ मध्ये सात वर्षं आधीच फेडलं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. मात्र त्याच क्रायस्लरच्या शोरूममध्ये डॉज कोल्ट नावाची जी छोटी गाडी होती, ती जपानच्या मित्सुबिशीने बनवलेली होती.

६. कामगार जपानी गाड्या हातोड्याने फोडायचे म्हणे. खरं की व्हॉट्सॲप?

खरं आहे. कामगार संघटनांच्या मेळाव्यांत हातोडे देऊन टोयोटा फोडायला लावत. संघटनेच्या कार्यालयांबाहेर परदेशी गाडी लावायला मनाई असायची. नोकऱ्या हजारोंनी जात होत्या, राग समजण्यासारखा होता. पण राग गाडीवर थांबला नाही. जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या अमेरिकन तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारलं गेलं, त्यात त्याचा जीव गेला. मारणारे दोघे, वाहन कारखान्यातला एक पर्यवेक्षक आणि त्याचा सावत्र मुलगा. साक्षीदारांच्या सांगण्यानुसार, तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, असं त्याला आधी सुनावलं होतं. तो जपानी नव्हताच. शिक्षा काय झाली? प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. हे भांडण जिथे सुरू झालं ते गाव हायलंड पार्क, प्रश्न २ मधलं.

७. मुलगा न्यू जर्सीत गाडी घेतोय. ती कुठे बनली हे शोरूममध्ये कसं ओळखायचं?

दोन जागा बघायला सांगा. पहिली, काचेवरचं स्टिकर. १९९४ च्या ऑक्टोबरपासून तिथल्या नव्या गाड्यांवर कायद्याने एक चौकट असते. त्यात अमेरिका-कॅनडातल्या सुट्या भागांची टक्केवारी, पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त भाग पुरवणारे इतर देश, शेवटची जुळणी कुठे झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कुठला हे छापलेलं असतं. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने ओहायोतून असा एक फोटो पाठवला. बिल्ला पक्का अमेरिकन, आणि खाली बारीक अक्षरांत जुळणी मेक्सिको, गिअरबॉक्स जपान. सेल्समन तोवर त्याला झेंड्याचं कीचेन देऊन मोकळा झाला होता.

दुसरी जागा म्हणजे पुढच्या काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात दिसणारा १७ खुणांचा चॅसी नंबर. पहिलं अक्षर किंवा अंक देश किंवा प्रदेश सांगतो. १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. 'जे' असेल तर जपान, 'डब्ल्यू' असेल तर जर्मनी. आपल्याकडे बनलेल्या गाड्यांचा नंबर 'एम'ने सुरू होतो. हा नंबर त्याच एका गाडीचा असतो, म्हणून माझा स्टिकरपेक्षा यावर जास्त भरवसा. का, ते पुढच्या प्रश्नात.

८. स्टिकरवरची टक्केवारी कितपत खरी?

खोटी नसते, पण ढोबळ असते. ती तुमच्या हातातल्या गाडीची नव्हे, त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांची सरासरी असते. त्यात अमेरिका आणि कॅनडा एकत्र धरतात, त्यामुळे शुद्ध अमेरिकन आकडा कळतच नाही. बाहेरच्या पुरवठादाराचा भाग सत्तर टक्के तिथला असला तर तो पूर्ण शंभर टक्के धरला जातो. आणि शेवटच्या जुळणीची मजुरी त्यात मोजतच नाहीत. म्हणजे ज्या कामगाराला जाहिरातीत दाखवतात, त्याचाच घाम आकड्यात नाही.

९. "मेड इन यूएसए" कुणीही छापू शकतं का?

आपल्याकडे छापत होते की! उल्हासनगरच्या मालावरचं यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या पिढीला तोंडपाठ आहे.

अमेरिकेत मात्र फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेचा दंडक आहे की माल संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण तिथलाच हवा. २०२१ पासून लेबलांसाठी तो नियमच झाला आणि मोडला तर दंड. जानेवारी २०२४ मध्ये जपानी ट्रॅक्टर कंपनी कुबोटाच्या अमेरिकन शाखेने २० लाख डॉलर भरायचं कबूल केलं, कारण आयात केलेल्या काही सुट्या भागांवर मेड इन यूएसए लिहिलं होतं. डेट्रॉइटच्या शिनोलाचं प्रकरण आणखी रंजक. शिनोला हे मूळचं बूटपॉलिशचं जुनं नाव. ते विकत घेऊन एकाने डेट्रॉइटमध्ये घड्याळं जुळवायला घेतली. अमेरिका घडते ती इथेच, अशा अर्थाचं त्यांचं घोषवाक्य होतं. आतली यंत्रणा आयात केलेली. २०१६ मध्ये कमिशनने हटकल्यावर घोषवाक्य बदलावं लागलं.

पूर्ण मोटारीबाबत 'मेड इन' कुणी सहसा लिहीतच नाही. 'अमेरिकन', 'डेट्रॉइट', 'आमचं', 'टफ' असे शब्द येतात, ज्यांना मोजपट्टी लागत नाही.

१०. टोयोटा फोर्डपेक्षा जास्त अमेरिकन असते, हे कसं काय?

मॉडेल कुठलं त्यावर अवलंबून. होंडाने नोव्हेंबर १९८२ मध्ये ओहायोतल्या मेरीसव्हिलमध्ये अकॉर्ड बनवायला सुरुवात केली. टोयोटाची कॅमरी १९८८ पासून केंटकीच्या जॉर्जटाउनमध्ये बनते. बीएमडब्ल्यू १९९४ पासून दक्षिण कॅरोलायनात आहे आणि तिथून जगभर इतक्या गाड्या पाठवते की मूल्याच्या हिशेबाने अमेरिकेतून होणाऱ्या मोटार निर्यातीत वर्षानुवर्षं तिचंच नाव वर असतं. उलट शेव्हरले ट्रॅक्स कोरियातून येते आणि ब्यूक एन्व्हिजन चीनमधून. नफा कुठे जातो हे वेगळं (प्रश्न १). पण केंटकीतल्या पोराला पगार कॅमरीमुळेच मिळतो.

११. जाहिरातीत झेंडा आणि गाडी परदेशातली, असं कधी पकडलं गेलंय?

पकडायचं काय, उघडच होतं. जून २०१० मध्ये, फुटबॉल विश्वचषकात अमेरिका विरुद्ध इंग्लंड सामन्याच्या वेळी डॉज चॅलेंजरची जाहिरात आली. लाल डगलेवाले इंग्रज शिपाई रांगेत उभे, आणि समोरून खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन झेंडा लावलेली चॅलेंजर चालवत त्यांच्या अंगावर येतो. मग निवेदक सांगतो की अमेरिकेला दोन गोष्टी बरोबर जमल्या, गाड्या आणि स्वातंत्र्य. ती चॅलेंजर कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये बनत होती, आणि कॅनडा त्याच इंग्लंडच्या राणीला आपली राणी मानत होता. जाहिरात झकास होती, हेही सांगायला हवं.

१२. अमेरिकेत पिकअप ट्रक परदेशी का दिसत नाहीत? लोकांचं प्रेम की काहीतरी गोम?

प्रेम आहेच, फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून तिथली सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. पण गोमही आहे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला. त्याचं उट्टं म्हणून जॉन्सन सरकारने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. कोंबड्यांचं भांडण विस्मरणात गेलं, जकात राहिली. म्हणून जपानी कंपन्यांनाही पिकअप तिथेच बनवाव्या लागल्या.

गंमत अशी की खुद्द फोर्डनेच या जकातीतून पळवाट काढली. ट्रान्झिट कनेक्ट ही मालवाहू व्हॅन तुर्कीत बनायची. ती मागची सीट लावून प्रवासी गाडी म्हणून आणायची, कारण प्रवासी गाडीला तेव्हा अडीच टक्केच जकात होती, आणि बंदरात उतरल्यावर सीट काढून टाकायची. खटला वर्षानुवर्षं चालला. मार्च २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला.

१३. हार्ले-डेव्हिडसन तरी शंभर टक्के अमेरिकन आहे ना?

१९०३, मिलवॉकी, इथपर्यंत हो. १९८१ मध्ये तेरा अधिकाऱ्यांनी कंपनी तेव्हाच्या मालक एएमएफ कंपनीकडून परत विकत घेतली, तेव्हा ती गटांगळ्या खात होती. १९८३ मध्ये रेगन सरकारने ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटारसायकलींवरची जकात ४.४ वरून ४९.४ टक्क्यांवर नेली. जपान्यांनी लगेच ७५० ची इंजिनं ७०० च्या आत आणली. हार्लेने मात्र कारखाना सुधारला आणि १९८७ मध्ये आपणहून सांगितलं की आता ही जकात नको. त्या ब्रँडची माझ्या मते सगळ्यात दमदार जाहिरात हीच.

आजची हार्ले अमेरिकेतही जुळते, थायलंडमध्येही. आपल्याकडची एक्स ४४० हीरो कंपनी राजस्थानात नीमराण्याला बनवते. आणि मोटारसायकलींना प्रश्न ७ मधलं स्टिकर लागू नाही, त्यामुळे चॅसी नंबरच बघा.

१४. इंडियन मोटरसायकल आपली का?

नाही हो. १९०१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला सुरू झालेली कंपनी, आणि नाव तिथल्या मूलनिवासींवरून. १९५३ मध्ये उत्पादन बंद पडलं, त्यानंतर काही वर्षं चक्क रॉयल एनफिल्डवर इंडियनचा बिल्ला लावून अमेरिकेत विकत होते. तेव्हाच्या एनफिल्ड इंग्लंडमधल्या, मद्रासच्या नव्हेत.

१५. ट्रक, ट्रॅक्टर, जेसीबी यांतले जुने अमेरिकन ब्रँड आज कुणाचे?

बुलडॉगच्या चिन्हाचा मॅक ट्रक स्वीडनच्या व्होल्वो ग्रुपचा, फ्रेटलायनर जर्मनीच्या डाइमलरचा, इंटरनॅशनल २०२१ पासून फोक्सवॅगन गटाचा. केनवर्थ आणि पीटरबिल्ट तेवढे अमेरिकन पॅकारकडे राहिलेत. कॅटरपिलर अमेरिकनच. जेसीबी आधीपासून ब्रिटिश. आपण दिसेल त्या पिवळ्या यंत्राला जेसीबी म्हणतो, हा भाग वेगळा.

जॉन डिअर १८३७ मध्ये इलिनॉयच्या एका लोहाराने पोलादी नांगरापासून सुरू केली. पण तिचे ट्रॅक्टर आपल्या सणसवाडीतही बनतात आणि तिथून परदेशी जातात. कमिन्स मूळची इंडियानातल्या कोलंबसची. १९६२ पासून कोथरूडमध्ये किर्लोस्कर कमिन्स म्हणून रुजली, आणि पुण्यातल्या किती घरांची चूल तिच्या जनरेटर इंजिनांवर पेटली याची गणती नाही. कोथरूडकरांना ती परदेशी आहे हे मुद्दाम सांगावं लागतं.

१६. महिंद्राची जीप खरी की अमेरिकेची जीप खरी?

विलीज कंपनीची दुसऱ्या महायुद्धातली जीप ओहायोतल्या टोलेडोची. महिंद्राने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत, माझगावला, त्याच विलीजच्या जीप परवान्याने जुळवायला सुरुवात केली. दोघींची आजी एकच. तरी २०१८ मध्ये महिंद्राने मिशिगनमध्ये रॉक्सर नावाची छोटी गाडी जुळवून विकायला काढली, तेव्हा जीपच्या मालकांनी चेहरा चोरल्याचा दावा लावला. २०२० मध्ये जुन्या चेहऱ्याच्या रॉक्सरला बंदी झाली आणि महिंद्राला तोंडवळा बदलावा लागला. आता गंमत पाहा. डेट्रॉइटच्या उंबऱ्यावर जुळणाऱ्या गाडीला परकी ठरवणारी ती कंपनी तेव्हा फियाट क्रायस्लर होती आणि तिची जीप कंपास आपल्या रांजणगावात बनत होती. अमेरिकेत विकली जाणारी कंपास मेक्सिकोची.

१७. आमच्या आजोबांची १९४९ ची डॉज आहे. कागदावर मुंबई लिहिलंय. ती अमेरिकन नाही का मग? व्हिंटेज रॅलीच्या फॉर्मवर काय लिहू?

काळजी करू नका, ती पिढी अशीच आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. तुमची डॉज मात्र बहुधा कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली, क्रायस्लरशी करार केला आणि डॉज, डिसोटो, प्लिमथ खोक्यांतून सुट्या आणून तिथे जुळवल्या. पुढे त्याच कारखान्यात फियाट आली, म्हणजे डेट्रॉइटच्या साठ वर्षं आधी कुर्ल्यात क्रायस्लरच्या जागी फियाट येऊन बसली होती.

फॉर्मवर 'मेक' या रकान्यात डॉज, अमेरिका लिहा आणि 'जुळणी'मध्ये कुर्ला, मुंबई. बॉनेट उघडून फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर बघा. रंगाचे थर फार बसले नसतील तर तिथे पितळेची किंवा पत्र्याची नंबराची छोटी पट्टी सापडेल. पॉलिश पेपरने घासू नका, आकडे जातात. रॉकेलचा बोळा फिरवा आणि मला फोटो पाठवा.